लेकरू गेल्यावर आशा कशाची धरायची?

ओंजळ
सर्वांना प्रभूच्या नावात सलाम. आजवर इथे फक्त वाचत आले, लिहितेय पहिल्यांदाच.

आमची दोन्ही मुलं गेली. मुलगा पोटातच, नववा महिना लागल्यावर. त्याच्यानंतर झालेली मुलगी सात वर्षांची होऊन गेली, रक्ताच्या कर्करोगाने. घरात आता आम्ही दोघंच आहोत.

माझा विश्वास उडालेला नाही, हे आधीच सांगते, कारण बऱ्याच जणांना तीच काळजी वाटते. येशू मरणातून उठला हे मी मानते. माझी मुलं उठतील हेही मानते. तरी उपासनेत स्तुतीचं गाणं सुरू झालं की घसा दाटतो आणि मी बाहेर येऊन उभी राहते. मंडळीतल्या एका वयस्कर बाईंनी विचारलं, "पुनरुत्थान मानतेस ना, मग इतकी का रडतेस?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, पण तो प्रश्न काही केल्या मनातून जात नाही. बाकीची वाक्यं तुम्हीही ऐकली असतील. विश्वासाची कसोटी आहे, ती आता देवदूत झाली, देवाला फूल आवडलं म्हणून त्याने खुडून नेलं. हे शेवटचं तर मला ऐकवतच नाही. दुसऱ्याच्या अंगणातलं एकुलतं एक फूल खुडून नेणाऱ्या देवाची मी प्रार्थना कशी करू?

म्हणून ज्यांनी मूल गमावलंय आणि तरी जे देवाला धरून आहेत, त्यांना विचारतेय. आशा धरायची म्हणजे शोक आवरायचा का? तुम्ही प्रार्थनेत काय बोलता? पवित्र शास्त्रातलं काय वाचता येतं आणि कुठे पान उलटावं लागतं? उपदेश खूप झालाय. कृपा करून अनुभवाचं लिहा.

किनारा
ओंजळताई, आज रात्री तुमच्या दोघांसाठी प्रार्थना करतेय. मुलांची नावं विचारली तर चालेल का? नाव घेऊन प्रार्थना करावीशी वाटते.

ओंजळ
किनारा, नावं इथे उघड लिहीत नाही, निरोपातून कळवते. पण विचारलंत याचं फार बरं वाटलं. मुलाचंही नाव ठेवलं होतं. पोटात गेलेल्या बाळाला नाव असेल असं कुणाच्या मनातच येत नाही.

पाळकाची_लेक
ताई, माझा भाऊ गेला तेव्हा मी कॉलेजात होते, त्यामुळे आईच्या जागेवरून मी बोलू शकत नाही. पण आमच्या घरात काय झालं ते सांगते. वडील पाळक. मुलाला माती दिल्यावर पुढच्या रविवारी त्यांनी व्यासपीठावरून ८८ वं स्तोत्र वाचलं आणि त्यावर काहीही न बोलता खाली बसले. ज्यांनी ते वाचलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी कुठेतरी वळतात, "तरी मी तुझी स्तुती करीन" अशा ओळीवर येतात. १३ वं बघा, "किती वेळ, हे परमेश्वरा?" असं सुरू होतं आणि गाण्यावर संपतं. ८८ वं वळत नाही. अंधारातच संपतं. आणि तरीही ते शास्त्रात आहे, आणि पहिल्या ओळीपासून देवाशीच बोललेलं आहे.

बाबा नंतर म्हणाले की त्या दिवशी त्यांना देवाची स्तुती करता येत नव्हती, पण देवाकडे तक्रार करता येत होती, आणि शास्त्राने त्यासाठी शब्द तयार ठेवले होते. आमच्या घराला त्याने तारलं. उपासनेतून बाहेर येऊन उभं राहावं लागतं यात लाज वाटण्यासारखं काही नाही. स्तुती तुमच्या वतीने बाकीची मंडळी करतील. मंडळी असते ती त्याचसाठी.

संपत्ती आणि सगळी मुलं गमावलेल्या ईयोबाचे मित्रही आठवतात. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले, तोवर सगळं बरोबर चाललं होतं. मग त्यांनी देवाची बाजू मांडायला सुरुवात केली. आणि शेवटी देव कुणावर रागावला, तर त्यांच्यावर. देवाशी भांडणारा ईयोब माझ्याविषयी योग्य बोलला, असं देव स्वतः म्हणतो. ते वयस्कर बाईंचं वाक्य आणि फुलाचं वाक्य याच्याशी ताडून बघा.

उत्तररात्र
बापाच्या बाजूने लिहितो, कारण या विषयावर बाप फारसे लिहीत नाहीत. मोठा मुलगा एकोणिसाव्या वर्षी अपघातात गेला. दफनविधीला जो आला त्याने मला एकच सांगितलं, "तुम्ही खंबीर राहा, वहिनींना सांभाळा." मी सांभाळलं. कबरेचं काम, कागदपत्रं, कॉलेजातून त्याचं सामान आणणं, सगळं केलं. मला कुणी सांभाळायचं हे कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही.

प्रार्थनेचं विचारलंत. सुरुवातीला माझी प्रार्थना म्हणजे गाडी चालवताना ओरडणं होतं. काच वर करून ओरडायचो, "का?" तुम्ही अनुभवाचं मागितलंत म्हणून लिहितो, नाहीतर हे कुठे लिहिलं नसतं. बऱ्याच काळाने कधीतरी लक्षात आलं की मी ज्याच्यावर ओरडतोय तो आहे, याची मला एकदाही शंका आलेली नाही. वधस्तंभावर येशूने २२ व्या स्तोत्राची पहिली ओळ ओरडून म्हटली, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" देवाच्या पुत्रालाही "का" विचारावं लागलं, आणि त्या क्षणी आकाशातून उत्तर आलं नाही. माझ्या "का" लाही आलं नाही. पण ते विचारताना मी एकटा नव्हतो, एवढं मला कळलं, आणि आजही मी त्यावरच उभा आहे.

पत्नी आणि माझा शोक वेगवेगळा चालतो. तिला त्याच्याविषयी बोलावं लागतं, मला हाताने काहीतरी करावं लागतं. तिला वाटायचं मी विसरलो, मला वाटायचं ती त्यातून बाहेर येत नाही. हे दोघांनी एकमेकांना स्पष्ट सांगणं फार गरजेचं आहे.

शोधक
मी ख्रिस्ती नाही, पण धागा मनापासून वाचतोय. कुणाला दुखवायचं नाही. देव सर्वशक्तिमान आणि दयाळू असेल तर सात वर्षांच्या मुलीला तो वाचवू शकला असता. हे तुम्ही मनात कसं बसवता?

पैलतीर
शोधक, विचारलंत ते योग्यच आहे. मी निवृत्त पाळक आहे. हातून अनेक लहान पेट्या कबरेत उतरवल्या आहेत, त्यात एक माझ्या नातीची. या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. ज्यांच्याकडे आहे असं ते म्हणतात, त्यांच्यापासून मी शोकाकुल घरांना दूर ठेवत आलो.

पण येशूने कोणती उत्तरं नाकारली हे मला माहीत आहे. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारलं, कुणी पाप केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू म्हणाला, याने नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, तेव्हाही त्याने सांगितलं की ती इतरांपेक्षा जास्त पापी होती असं समजू नका. दुःखाचा हिशोब पापाशी जुळवायची खोड जुनी आहे, आणि येशूने ती दोनदा तोडली.

मग ख्रिस्ती माणसाच्या हाती काय उरतं? माझ्या मते स्पष्टीकरण उरत नाही, एक व्यक्ती उरते. मुलीसाठी पायांवर पडलेल्या याईराबरोबर तो घरी गेला, लोक हसले तरी गेला, बारा वर्षांच्या त्या मुलीचा हात धरून म्हणाला, "मुली, ऊठ." आणि मग म्हणाला, हिला काहीतरी खायला द्या. मला हे शेवटचं वाक्य फार प्रिय आहे. नाईन गावच्या विधवेने तर काही मागितलंही नव्हतं. त्याने स्वतःहून तिरडी थांबवली, मुलाला उठवलं, आणि लूक लिहितो की त्याने त्याला त्याच्या आईच्या स्वाधीन केलं. ओंजळताई, तुमच्या मुलीच्या वेळी तिरडी थांबली नाही. माझ्या नातीच्या वेळीही नाही. या गोष्टी वाचताना त्यामुळे कळ येते हे मी जाणतो. पण नाईनचा तो मुलगाही पुढे कधीतरी मेलाच असेल. त्या दिवशी दिसली ती फक्त खूण होती, देवाला शेवटी काय करायचं आहे त्याची. लेकरू आईच्या स्वाधीन करणं, हे त्याला करायचं आहे. माझी आशा ती आहे.

दृढविश्वास
सर्वांचा आदर राखून लिहितो. शास्त्र सांगतं, सर्वदा आनंदित असा. थेस्सलनीकाकरांस पौल स्पष्ट लिहितो की आशा नसलेल्यांसारखा खेद करू नका. शोक लांबत गेला तर तो अविश्वासाकडे नेतो. आपली मुलं प्रभूजवळ आहेत, मग तक्रार कसली? तक्रारीपेक्षा उपकारस्तुती करावी असं मला वाटतं.

पाळकाची_लेक
दृढविश्वास, ते वचन पूर्ण वाचा. आशा नसलेल्यांसारखा खेद करू नका, असं पौल म्हणतो. खेदच करू नका, असं तो कुठे म्हणतो? मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशू रडला. आता आपण याला उठवणार आहोत हे त्याला ठाऊक होतं, तरी रडला. ओंजळताईंच्या मंडळीतल्या बाईंचा प्रश्न जर बरोबर असेल, तर तो आधी येशूलाच विचारावा लागेल.

पैलतीर
लेकीने नेमकं लिहिलं. त्यात थोडा इतिहास घालतो. प्रोटेस्टंट धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरची मुलगी माग्दालेना २० सप्टेंबर १५४२ रोजी तेरा वर्षांची असताना त्याच्या हातांत गेली. पुनरुत्थानावर त्याच्याइतकं ठाम बोललेली माणसं कमी असतील. तरी त्याने मित्राला कळवलं की तिच्या सुखरूप जाण्याबद्दल आम्ही देवाचे आभार मानायला हवेत हे कळतं, पण मला आणि पत्नीला ते रडल्याशिवाय जमत नाही.

होरेशियो स्पॅफर्ड या अमेरिकन वकिलाची गोष्ट तर मंडळ्यांमधून नेहमी सांगितली जाते. नोव्हेंबर १८७३ मध्ये अटलांटिक महासागरात जहाज बुडालं, त्याच्या चारही मुली गेल्या, पत्नी अ‍ॅना एकटी वाचली. तिच्याकडे निघालेल्या त्याने पुढे ते प्रसिद्ध शांतीचं गीत लिहिलं. गोष्ट इथे संपवतात. पण पुढचा भाग सांगायलाच हवा. १८८० मध्ये त्यांचा लहान मुलगा तापाने गेला, आणि त्यांच्या मंडळीतले काही लोक म्हणू लागले की हा देवाचा दंड आहे. ते दोघं त्या मंडळीतून बाहेर पडले आणि १८८१ मध्ये यरुशलेमेला गेले. तिथे कुणाचा धर्म न विचारता गरिबांची सेवा केली. समुद्राने चार लेकरं नेली तेव्हा त्यांना गीत लिहिता आलं, पण विश्वासणाऱ्यांच्या बोलण्याने त्यांना मंडळी सोडावी लागली. दृढविश्वास, तुम्ही कठोर मनाने लिहिलं असं मी म्हणत नाही. शोकाकुल घरात बोलताना मात्र ही गोष्ट लक्षात ठेवा.

दृढविश्वास
काका, समजलं. मी मूल गमावलेलं नाही. आता वाचत राहतो.

ओंजळ
एक गोष्ट विचारायची राहिली होती, कारण ती विचारायची भीती वाटते. राजा दावीद आणि बथशेबाचं बाळ. तिथे तर नाथान संदेष्टा स्पष्ट सांगतो की पापामुळे मूल मरेल. मी ती पानं चिकटवून टाकावीत की काय, असं वाटतं. रात्री एकेक जुनी गोष्ट आठवते, हिच्यामुळे तर नाही ना?

पैलतीर
नाही, ताई. ही भीती मी कितीतरी आयांकडून ऐकली आहे, म्हणून ठामपणे सांगतो. ती एका राजाच्या एका गुन्ह्याविषयी, संदेष्ट्याने समोर उभं राहून सांगितलेली गोष्ट आहे. तिचा नियम करून कुठल्याही आईबापांना लावायचा अधिकार कुणाला नाही. यहेज्केलच्या अठराव्या अध्यायात देवच म्हणतो की बापाच्या पापाचा भार मुलावर नाही. तुमच्या पापाचा दंड तुमच्या लेकीने भरला असं मानणं म्हणजे वधस्तंभ अपुरा पडला असं मानणं. तो अपुरा पडलेला नाही.

दावीदाच्या त्याच गोष्टीतली पुढची ओळ मात्र माझ्या नातीच्या कबरेवर आहे. बाळ जिवंत असेपर्यंत दावीद उपवास करून जमिनीवर पडून होता. ते गेल्यावर उठला आणि म्हणाला, मी त्याच्याकडे जाईन, पण ते माझ्याकडे परत येणार नाही. दोन्ही अर्धं अर्धं खरं नाही, दोन्ही पूर्ण खरं आहे. परत येणार नाही, म्हणून रडायचं. मी जाईन, म्हणून उठायचं.

सांजवात
धागा वाचून धीर आला म्हणून विचारतेय. आम्ही कॅथलिक. माझं बाळ जन्मतःच गेलं, बाप्तिस्मा द्यायला वेळच मिळाला नाही. आजीने लहानपणी सांगितलं होतं की अशी बाळं स्वर्गात जात नाहीत, मधल्या एका जागी राहतात. फादरना विचारायचं धाडस झालं नाही.

किनारा
सांजवात, मीही कॅथलिक आहे आणि माझंही बाळ असंच गेलं, म्हणून हे सगळं मी शोधून वाचलं होतं. त्या मधल्या जागेला लिंबो म्हणायचे. ती मध्ययुगातल्या विद्वानांची कल्पना होती, चर्चने तिला श्रद्धासिद्धांताचा दर्जा कधीच दिला नाही. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात तिचं नावही नाही. तिथे म्हटलंय की बाप्तिस्म्याविना गेलेल्या बालकांना चर्च देवाच्या दयेवर सोपवतं, आणि "बालकांना माझ्याजवळ येऊ द्या" म्हणणाऱ्या येशूमुळे त्यांच्या तारणाची आशा धरता येते. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने याच प्रश्नावर सविस्तर दस्तऐवज काढला. ही बालकं तारली जातील अशी आशा धरायला भक्कम कारणं आहेत, असा त्याचा निष्कर्ष आहे. चर्चच्या कायद्यातही तरतूद आहे. आईवडिलांची बाप्तिस्मा द्यायची इच्छा होती आणि बाळ आधीच गेलं, तर बिशपांच्या परवानगीने त्याचा रीतसर अंत्यविधी होऊ शकतो. तेव्हा झाला नसेल तर आताही बाळाच्या स्मरणार्थ मिस्सा सांगा. आणि फादरना नक्की विचारा. मी विचारलं तेव्हा आमचे फादर रडले.

पैलतीर
प्रोटेस्टंट वाचकांसाठी एक भर. त्याच १५४२ साली ल्यूथरने गर्भपात झालेल्या किंवा मृत बाळ जन्मलेल्या आयांसाठी छोटं सांत्वनपत्र छापलं. बाळासाठी आईच्या मनात दाटलेला उसासा देव प्रार्थना म्हणूनच ऐकतो, शब्द झाले नसले तरी, असं त्यात आहे. पौलही रोमकरांस पत्रात आत्म्याच्या अशाच अवाच्य कण्हण्याविषयी लिहितो.

सांजवात
किनारा, पैलतीर काका, काय लिहू कळत नाही. फादरना आज फोन करते.

नीरव
समुपदेशनाचं काम करतो, ख्रिस्ती आहे. दोन गोष्टी लिहाव्याशा वाटतात.

शोकाचे पाच टप्पे सगळ्यांना तोंडपाठ असतात, आणि आपला शोक त्या क्रमाने जात नाही म्हणून लोक घाबरतात. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये ते मांडले ते स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मूल गेलेल्या आईबापांसाठी ते वेळापत्रक नाही. शोक परत परत येतो, वर्षांनी येतो, आणि त्यात विश्वासाचं काही कमी पडलेलं नसतं.

दुसरी गोष्ट, प्रार्थना आणि उपचार यांत निवड करावी लागत नाही. मिशनरी विल्यम कॅरी सगळ्यांना माहीत असतात, त्यांच्याच सेरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार निघाला. त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर १७९४ मध्ये बंगालात आमांशाने गेला. पत्नी डोरोथी त्यानंतर मनाने ढासळल्या आणि १८०७ मध्ये मरेपर्यंत सावरल्या नाहीत. त्या काळी त्यांच्यासाठी उपचार नव्हते. आज आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या शोकविकाराची स्वतंत्र नोंद आहे. वर्षांनंतरही आठवणीने रडू येणं हा आजार नाही. पण महिनोन्‌महिने रोजचं जगणंच ठप्प असेल, झोप आणि जेवण सुटलं असेल, आपणही जावं असं मनात येत असेल, तर त्याच दिवशी घरच्यांना सांगा आणि डॉक्टरांकडे जा. पाळकांकडेही जा.

अनामिक_आई
माझ्या मुलाने स्वतःच जीव दिला. तेवीस वर्षांचा होता. इथे सगळ्यांची मुलं देवाने नेली किंवा आजाराने नेली. माझं मूल कुठे आहे हे कुणी सांगू शकत नाही, आणि मंडळीत त्याचं नावही कुणी घेत नाही.

नीरव
ताई, लिहिलंत हे फार चांगलं केलंत. तुमच्या मुलालाही आजारानेच नेलं. मन आजारी पडतं तेव्हा माणूस ज्या अवस्थेतून निर्णय घेतो, ती आपण निरोगी मनाने मापू शकत नाही. आज तुमच्याजवळ घरात कुणी आहे ना?

किनारा
ताई, कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात याविषयी थेट लिहिलंय. तीव्र मानसिक विकार, भीती, यातना यांमुळे अशा माणसावरची जबाबदारी कमी होते. त्यांच्या तारणाची आशा सोडू नये, देवालाच ठाऊक असलेल्या मार्गांनी तो त्यांच्यापर्यंत पोहोचू शकतो, आणि चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करतं. तुम्ही कॅथलिक असा नसा, हे तुमच्यासाठी आहे.

उत्तररात्र
ताई, मुलाचं नाव मला निरोपातून कळवा. मी घेईन ते नाव, रोज. पौल लिहितो की मरण किंवा जीवन, काहीच आपल्याला देवाच्या प्रीतीपासून वेगळं करू शकणार नाही. त्या यादीत तो अपवाद ठेवत नाही.

अनामिक_आई
बहीण आली आहे राहायला. एकटी नाही. नाव कळवते. कितीतरी काळाने ते कुणाला तरी लिहून पाठवणार आहे.

पाळकाची_लेक
ज्यांच्या मंडळीत अशी कुटुंबं आहेत त्यांच्यासाठी लिहिते. बायबलमधल्या नामीने नवरा आणि दोन्ही मुलगे गमावले. गावी परतल्यावर ती म्हणाली, मला नामी म्हणू नका, 'मारा' म्हणजे कडू म्हणा, सर्वसमर्थाने मला फार क्लेश दिले. तिच्या सुनेने, रूथने, तिला दुरुस्त केलं नाही. शेतात जाऊन दाणे वेचून आणले. मंडळीने एवढंच करावं. नाताळात, मातृदिनाला, मुलांच्या बाप्तिस्म्याच्या रविवारी हे आईबाप कुठे बसले आहेत ते बघावं आणि शेजारी जाऊन बसावं. अशा रविवारी न येण्याची मोकळीकही द्यावी.

नाताळाचं विशेष लिहिते, कारण तो सगळ्यांत अवघड जातो. मत्तयाने ख्रिस्तजन्माच्या गोष्टीतच हेरोद राजाने मारलेल्या बेथलेहेमच्या बाळांसाठीचा आक्रोश ठेवला आहे. राहेल मुलांसाठी रडते, सांत्वन घेत नाही. पाश्चात्त्य चर्चमध्ये २८ डिसेंबर हा त्या निष्पाप बाळांचा स्मरणदिन आहे. आमच्या घरात भावासाठी आम्ही तो दिवस धरला. २५ ला हसायला जमलं नाही तरी चालतं, कारण २८ आहे.

नीरव
यात एक जोडतो. १९६८ मध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या रुग्णालयात दोन मुलगे काही दिवसांच्या अंतराने गेले. तिथले तरुण अँग्लिकन धर्मगुरू सायमन स्टीफन्स यांच्या लक्षात आलं की ते दोन्ही आईबाप एकमेकांना जो आधार देतायत, तो आपण देऊ शकत नाही. त्यांनी इतर कुटुंबं जोडली, १९६९ मध्ये त्यातून "द कम्पॅशनेट फ्रेंड्स" ही संस्था झाली आणि पुढे अनेक देशांत पसरली. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी सात वाजता जगभर गेलेल्या मुलांसाठी मेणबत्त्या लावतात, ती प्रथा याच संस्थेची. तुमच्या मंडळीत अशी दोन घरं असतील तर पाळकांनी त्यांची गाठ घालून द्यावी.

मुक्तछंद
आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेतलं कुणी बोललंच नाही म्हणून लिहितो. पंडिता रमाबाईंची एकुलती लेक मनोरमा २४ जुलै १९२१ रोजी गेली, चाळीस वर्षांची. मुक्ती मिशनचा भार पुढे तिने उचलावा अशी आईची इच्छा होती. रमाबाईंनी आईवडील आणि बहीण दुष्काळात गमावलेले, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा गेलेला, आणि उतारवयात हे. स्वतः आजारी असताना त्या बायबलच्या मराठी भाषांतराचं काम करत राहिल्या, ते पुरं केलं, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. त्या शेवटच्या महिन्यांत प्रकटीकरणातली "तो त्यांच्या डोळ्यांचे सर्व अश्रू पुसून टाकील" ही ओळ त्यांच्या हाताखालून गेली की आधीच गेली होती, कोण जाणे. मला मात्र ती ओळ वाचताना नेहमी त्या आठवतात.

ओंजळ
सगळे प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवले. उत्तररात्र, तुमचा वाचल्यावर ते उठून बाहेर गेले, आणि परत आल्यावर पहिल्यांदाच बोलले की त्यांनाही ओरडावंसं वाटतं.

८८ वं स्तोत्र वाचलं. मला देवाशी एवढं मोकळं बोलता येतं हे कुणी सांगितलंच नव्हतं. काल प्रार्थनेत मी फक्त म्हटलं, मला ती हवी आहे. दुसरं काही मागितलं नाही. ईयोबाविषयीही एक लक्षात आलं, बरोबर आहे का सांगा. शेवटी त्याची मेंढरं, उंट, सगळं दुप्पट होतं. मुलं मात्र पहिल्याइतकीच होतात, सात मुलगे, तीन मुली. "दुसरं होईल" म्हणणाऱ्यांना मी हेच दाखवणार आहे.

पैलतीर
बरोबर आहे, ताई. जुने भाष्यकारही हे सांगत आले. मेंढरं मेली ती संपली म्हणून दुप्पट द्यावी लागली. मुलं संपलेली नव्हती. पहिली दहा देवाजवळ होतीच, म्हणून आणखी दहा दिली की दुप्पट झालीच. भरपाई म्हणून मुलं देता येत नाहीत. दुसरं मूल झालं तरी ते दुसरं असतं.

गवतफूल
शेवटचं विचारते. आमचा मोठा दोन महिन्यांपूर्वी गेला. धाकटी पाच वर्षांची आहे, सारखी विचारते दादा कधी येणार. आम्ही तिला "दादा देवाजवळ झोपलाय" सांगितलंय. तिला कबरेवर न्यावं का?

उत्तररात्र
आमची मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. झोपलाय म्हणू नका. येशूने याईराच्या मुलीविषयी तसं म्हटलं हे खरं, पण तो तिला लगेच उठवणार होता. पाच वर्षांच्या मुलीला त्यामुळे रात्री झोपायची भीती वाटू लागते, आमच्याकडे शेजारच्यांनी तसं सांगितल्यावर वाटू लागली होती. सरळ सांगा की दादा मेला, त्याचं शरीर आता काम करत नाही, त्याला दुखत नाही, तो येशूजवळ आहे आणि तो इथे परत येणार नाही, एक दिवस आपण त्याच्याकडे जाऊ. ती उद्या पुन्हा विचारेल, पुन्हा तेच सांगा. तुझ्या वागण्यामुळे तो गेला नाही, हेही सांगा, कारण मुलं मनात तसं धरतात आणि बोलत नाहीत. कबरेवर यायचं का हे तिलाच विचारा, तिथे काय दिसेल ते आधी सांगा, आणि नको म्हणाली तर आग्रह करू नका. तिच्यासमोर रडलात तरी चालेल. आमची आता मोठी झाली आहे, भावाविषयी तिच्या मैत्रिणींना तीच सांगते, न अडखळता, नाव घेऊन.